कोरड्या कळवळ्याचा जमाखर्च

वॉशिंग्टन शहरांत राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर जाऊन भिडणारा सोळावा रस्ता आहे. सन २०२० च्या जून महिन्याच्या ५ तारखेस त्या रस्त्यावर, त्याच्या सगळ्या रुंदीभर पसरतील अशीं, पिवळ्या रंगाचीं अक्षरें रंगविण्यांत आलीं. ‘काळ्यांच्याहि जिवाला मोल आहे’ हा त्यांचा भावार्थ. उंचावरून घेतलेलीं त्या रस्त्याचीं छायाचित्रें जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलीं, शहराच्या महापौरबाईंनीं त्या जागेस तेंच नांव दिलें, आणि पुष्कळ भाविक मंडळींस असें वाटलें कीं, कांहीं तरी मोठें घडून आलें. पुढें सन २०२५ च्या मार्च महिन्यांत काँग्रेसमधील जॉर्जिया संस्थानच्या एका सभासदानें, हीं अक्षरें काढून न टाकल्यास शहरास मिळणारा मध्यवर्ती सरकारचा पैसा रोखावा, अशा अर्थाचें बिल पुढें आणिलें; आणि त्याच महिन्यांत, त्याच महापौरबाईंच्या अमदानींत, यंत्रें लावून तीं अक्षरें उखडण्यांत आलीं.

आम्ही हा मजकूर महापौरबाईंस दोष देण्याकरितां लिहीत नाहीं. शहराच्या शाळांचा व दवाखान्यांचा पैसा पणास लावून रस्त्यावरचा रंग राखणें शहाणपणाचें ठरलें नसतें, असेंच आमचें मत आहे. परंतु प्रश्न निराळा आहे. तीं अक्षरें सुमारें पावणेपांच वर्षें तेथें होतीं. त्या मुदतींत त्यांवरून चालणाऱ्या काळ्या मनुष्याच्या पदरीं कोणता नवा हक्क पडला, आणि तीं गेल्यावर त्याचा कोणता हक्क गेला? दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे. रंग चढला तेव्हां कायद्यांत एकहि कलम चढलें नव्हतें. म्हणून रंग खरवडतांना एकहि कलम रद्द करावें लागलें नाहीं. वॉशिंग्टन शहराला काँग्रेसांत मत देण्याचा अधिकार असलेला एकहि प्रतिनिधि नाहीं, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्या शहराच्या हातीं मत नाहीं, त्याच्या हातीं रंगाचा डबा राहतो.

आमचे बरेच वाचक व्यापारी आहेत, तेव्हां त्यांच्या ओळखीच्या भाषेंत बोलूं. कराराच्या कायद्याचें, म्हणजे सन १८७२ च्या नवव्या आक्टाचें, पंचविसावें कलम असें सांगतें कीं, मोबदल्यावांचून केलेला करार रद्द समजावा. त्यास अपवाद आहेत. जवळच्या नात्यांतील माणसांनीं स्वाभाविक प्रेमापोटीं केलेला करार मोबदल्यावांचूनहि चालतो. पण तोसुद्धां लेखी आणि नोंदलेला पाहिजे. कायदा करणारे लोक प्रेमाविषयीं किती साशंक होते पाहा! बापलेकांच्या मायेलाहि त्यांनीं रजिस्ट्रारच्या कचेरींत नेऊन उभें केलें. मग सातासमुद्रांपलीकडील, नात्याच्या ना गोत्याच्या, मनुष्याविषयीं भर सभेंत जो कळवळा दाखविला जातो, त्यास आपण कोणतीच कसोटी लावूं नये काय? आमची कसोटी दुहेरी आहे. कळवळा दाखविणाऱ्यानें स्वतःच्या पदरचें काय सोडलें? आणि तो आपल्या घरीं परत गेल्यावर पीडिताच्या हातीं असें काय उरलें कीं, जें त्यास कोर्टांत जाऊन वसूल करून घेतां येईल? या दोहोंपैकीं एकाचेंहि उत्तर मिळत नसेल, तर तो कळवळा खतावणींत चढविण्याच्या लायकीचा नव्हे.

ज्या प्रसंगावरून ती रंगरंगोटी झाली तो वाचकांस आठवत असेल. सन २०२० च्या मे महिन्याच्या २५ तारखेस मिनिआपोलिस शहरांत जॉर्ज फ्लॉइड नांवाच्या कृष्णवर्णीय मनुष्यास वीस डॉलरची खोटी नोट चालविल्याच्या संशयावरून पोलिसांनीं धरलें, आणि डेरेक शॉव्हिन या गोऱ्या पोलिसानें नऊ मिनिटांहून अधिक वेळ त्याच्या मानेवर गुडघा रोवून त्याचा प्राण घेतला. त्यानंतर अमेरिकेंत जी लाट उठली ती खरी होती. रस्त्यावर उतरलेल्या लाखों लोकांचा संताप खोटा होता असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण लाट ओसरल्यावर वाळूंत काय राहिलें तें पाहूं. २ जून रोजीं लक्षावधि लोकांनीं समाजमाध्यमांवर एक काळा चौकोन चढविला. ८ जून रोजीं डेमोक्रॅटिक पक्षाचे पुढारी गळ्यांत आफ्रिकी विणीचीं उपरणीं घालून काँग्रेसच्या इमारतींत गुडघे टेकून बसले. पुढील सालीं १७ जून रोजीं, गुलामगिरीच्या अंताचा स्मृतिदिन जो १९ जून, तो सबंध राष्ट्राच्या सुटीचा दिवस ठरविणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आणि पोलिसांच्या जुलमास आळा घालणारें, फ्लॉइडच्याच नांवाचें बिल? तें प्रतिनिधिसभेंत सन २०२० व २०२१ असें दोन वेळां पास झालें आणि दोन्ही वेळां सेनेटांत अडून बसलें. चौकोन फुकट होता; उपरणें जवळजवळ फुकट; सुटी तर सर्वांसच हवी असते. बिलास मात्र किंमत पडणार होती. जुलूम करणाऱ्या पोलिसावर दिवाणी दावा लावला असतां त्याच्या आड येणारी जी कायद्याची ढाल तेथें आहे, ती काढून घेण्याची तजवीज त्यांत होती. वकिलास विचाराल, तर त्या सबंध बिलाचा जीव त्याच कलमांत होता. आणि घोडें पेंड खाऊं लागलें तेंहि तेथेंच.

याचा अर्थ कांहींच झालें नाहीं असा नव्हे. जॉर्जियांत अहमॉड आर्बेरी नांवाच्या, व्यायामासाठीं धांवत असलेल्या कृष्णवर्णीय तरुणाचा सन २०२० च्या फेब्रुवारींत गोऱ्या लोकांनीं पाठलाग करून गोळीनें जीव घेतला, आणि कोणाहि नागरिकास संशयिताला पकडूं देणारा सन १८६३ चा, म्हणजे ऐन गुलामगिरीच्या काळांतला, कायदा आपल्या बचावास पुढें केला. सन २०२१ च्या मे महिन्यांत त्या संस्थानानें तो कायदा रद्द केला. ही रक्कम आम्ही जमेस धरतों. शॉव्हिन यास साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, तीहि जमेस धरतों. पण ती चौकोनांच्या खात्यावर नव्हे. पोलिस समोर असतां जागचें न हलतां सगळा प्रकार आपल्या हातांतील फोनमध्यें टिपून घेणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या खात्यावर. पोलिसखात्यानें काढलेल्या पहिल्या पत्रकांत गुडघ्याचा उल्लेखहि नव्हता!

व्यापाऱ्यांची हकीकत याहून बोधक आहे. मिनिआपोलिस हें टार्गेट या अवाढव्य दुकानकंपनीचें माहेरघर. आपल्याच गांवांत घडलेल्या खुनानें हादरलेल्या या कंपनीनें मोठमोठे संकल्प सोडले. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या धंद्यांशीं सन २०२५ अखेर दोन अब्ज डॉलरांहून अधिक व्यवहार करूं, असें जाहीर केलें. हा संकल्प पोकळ नव्हता, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. माल घेणें व त्याचे पैसे देणें ही खरी गोष्ट आहे. दोष होता तो निराळा: करार करणाऱ्याच्या मर्जीशिवाय त्यास दुसरा आधार नव्हता. सन २०२५ च्या जानेवारीच्या २० तारखेस डोनाल्ड ट्रंप यांचा दुसरा शपथविधि झाला, आणि २४ तारखेस या कंपनीनें समतेच्या बाबतींतील आपलीं उद्दिष्टें गुंडाळल्याचें जाहीर केलें. चार दिवस! मग कृष्णवर्णीय पाद्र्यांनीं उपवासपर्वाच्या चाळीस दिवसांसाठीं या दुकानांवर बहिष्कार पुकारला. मे महिन्यांत तिमाहीचे आंकडे बाहेर आले तेव्हां जुन्या दुकानांची विक्री ३.८ टक्क्यांनीं घटलेली दिसली, आणि लोकांच्या नाराजीचा त्यांत हात असल्याचें खुद्द कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यानें मान्य केलें. दुसरींहि कारणें होतीं, तीं आम्ही लपवीत नाहीं. तरी पण आपला पैसा कोठें टाकावा हें ठरविणारें गिऱ्हाईक दुकानदारास जें ऐकवूं शकतें, तें हजार चौकोनांस ऐकवितां येत नाहीं, एवढें यावरून दिसतें.

हा रोग आजचा नाहीं, आणि त्यावर औषध ठाऊक नाहीं असेंहि नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील गोऱ्यांच्या राज्याचा इतिहास ज्यानें वाचला असेल त्याची दोहोंशीं ओळख आहे. सन १९४८ पासून १९९४ पर्यंत तेथें वर्णभेद हाच राज्याचा धर्म होता. जगानें त्याचा निषेध केला, आणि निषेध करतां करतां त्याचें सोनें, त्याचे हिरे व त्याचीं संत्रीं विकत घेतलीं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभेनें सन १९६२ सालीं त्या राज्याशीं व्यापार तोडण्याची शिफारस केली. पण त्याचीं जीं सर्वांत मोठीं गिऱ्हाइकें, त्या राष्ट्रांनींच ती मनावर घेतली नाहीं.

सन १९७० सालीं अमेरिकेंतील पोलरॉइड या छायाचित्रणाच्या कंपनींतील कॅरोलिन हंटर व केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय नोकरांच्या ध्यानांत असें आलें कीं, आपल्या कंपनीचें झटपट फोटो काढण्याचें यंत्र दक्षिण आफ्रिकेंत काळ्या लोकांस सक्तीनें बाळगावयास लावलेल्या परवान्याच्या पुस्तकांसाठीं वापरलें जातें. या पुस्तकावांचून काळ्या मनुष्यास स्वतःच्याच देशांत गोऱ्यांच्या वस्तींत पाऊल टाकतां येत नसे. कंपनीनें तो देश सोडावा अशी चळवळ या दोघांनीं चालविली. कंपनीनें काय करावें? तिनें एक मंडळ पाहणीस धाडलें, आणि सन १९७१ च्या जानेवारींत वर्तमानपत्रांतून पानभर जाहिरात देऊन एक ‘प्रयोग’ सुरू केल्याचें प्रसिद्ध केलें. सरकारला माल विकणार नाहीं, काळ्या कामगारांचे पगार वाढवूं, त्यांच्या शिक्षणास देणग्या देऊं, असा तो प्रयोग. हंटरबाईंस त्याच सालीं नोकरींतून काढून टाकण्यांत आलें. पुढें सन १९७७ सालीं असें उघडकीस आलें कीं, तेथला कंपनीचा अडत्या सरकारला गुपचूप माल पुरवीतच होता. तेव्हां कंपनीनें तो देश सोडला. जाहिरात देणाऱ्यांस या प्रयोगानें सहा वर्षें मिळवून दिलीं. खरें बोलणाऱ्या बाईस एक वर्षहि मिळालें नाहीं.

त्याच १९७७ सालीं फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय पाद्री लिऑन सलिव्हन यांनीं दक्षिण आफ्रिकेंत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांसाठीं आचाराचे नियम घालून दिले. सलिव्हन हे जनरल मोटर्सच्या संचालकमंडळावर होते, आणि त्यांची सचोटी संशयातीत होती. कारखान्यांत गोऱ्यांस व काळ्यांस जेवणाची जागा एक असावी, सारख्या कामास सारखा पगार असावा, काळ्यांस वरच्या जागांचें शिक्षण द्यावें, असे ते नियम. अनेक कंपन्यांनीं त्यांवर सह्या केल्या, व सही केली म्हणजे भागधारकांस तोंड दाखवितां येऊं लागलें. काळा कामगार दुपारीं गोऱ्याच्या शेजारीं बसून जेवी, आणि संध्याकाळीं परवान्याचें पुस्तक खिशांत घालून, ज्या वस्तींत सरकार राहूं देईल त्या वस्तींत परत जाई. मत त्याला नव्हतें तें नव्हतेंच. सन १९८७ सालीं सलिव्हन यांनीं स्वतःच जाहीर केलें कीं, आपल्या नियमांनीं वर्णभेदाचा पाया हलला नाहीं, आतां कंपन्यांनीं तो देश सोडावा. दहा वर्षें चालविलेला मार्ग अपुरा ठरला हें चारचौघांत कबूल करणारे पुढारी फार थोडे. आम्हांस त्यांचे नियम आठवत नसले तरी चालेल, ही कबुली आठवावी.

त्या राज्यास खरा धक्का कोणी दिला, हें सांगतांना साधुसंतांचीच नांवें घ्यावीं असें नाहीं. सन १९८५ च्या जुलैंत तेथें आणीबाणी पुकारली गेली, तेव्हां न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेनें आपल्या अल्प मुदतीच्या कर्जांची मुदत वाढवून देण्याचें नाकारलें. इतर बँकांनीं तिचा कित्ता गिरविला. आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस त्या सरकारला परदेशी देणीं थांबविल्याचें जाहीर करावें लागलें. बँकेनें हें केलें तें पैसा बुडण्याच्या भीतीनें, भूतदयेनें नव्हे. पण ज्यास उलाढालीचा अनुभव आहे त्यास यांतील तथ्य समजेल: हुंडी पुढें ढकलण्यास सावकारानें नकार देणें, हें शंभर ठरावांपेक्षां जास्त बोचतें.

भूतदयेचेंहि एक उदाहरण देतों, आणि तें दुकानांतलेंच आहे. सन १९८४ च्या जुलैच्या १९ तारखेस आयर्लंडांत डब्लिन शहरच्या हेन्री स्ट्रीटवरील डन्स स्टोअर्स या दुकानांत मेरी मॅनिंग नांवाची एकवीस वर्षांची मुलगी गल्ल्यावर बसली होती. तिच्या कामगारसंघानें दक्षिण आफ्रिकेचा माल हाताळूं नये असा ठराव केला होता. एक बाई दक्षिण आफ्रिकेचीं दोन पपनसें घेऊन आली. मॅनिंग हिनें तीं विकण्याचें नाकारलें, आणि तिला तेथल्या तेथें कामावरून दूर करण्यांत आलें. दहाएक सोबती तिच्यामागून बाहेर पडले. त्या वेळीं आपणांस वर्णभेदाची फारशी माहितीहि नव्हती, असें तिनें पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. ठराव झाला होता आणि तो पाळावयाचा, एवढेंच ठाऊक होतें. संप सुमारें पावणेतीन वर्षें चालला. संपाच्या तुटपुंज्या भत्त्यावर हीं मुलें पावसापाण्यांत त्या दुकानाच्या दारीं उभीं राहिलीं. सन १९८५ सालीं तीं दक्षिण आफ्रिकेस गेलीं असतां त्यांस विमानतळावरूनच परत धाडण्यांत आलें. अखेर सन १९८७ सालीं आयर्लंडांत दक्षिण आफ्रिकेचीं फळें व भाज्या आणण्यास सरकारी बंदी झाली. दोन पपनसांपासून सुरू झालेलें भांडण कायद्यांत जाऊन संपलें, हें आम्हांस विशेष वाटतें. ठराव तर आपल्याकडील मंडळांतहि होतात; तो अमलांत आणणारी पोर गल्ल्यावर असावी लागते.

आमच्या स्वतःच्या धंद्यांतील मनुष्याचें नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ब्रॅम फिशर हे बोअर जातीचे गोरे बॅरिस्टर; आजे ऑरेंज रिव्हर वसाहतीचे मुख्य प्रधान, वडील ऑरेंज फ्री स्टेटचे मुख्य न्यायाधीश, स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले. राहिले असते तर न्यायाधीशाची खुर्ची चालून आली असती. सन १९६३-६४ च्या रिव्होनियाच्या खटल्यांत नेल्सन मंडेला व त्यांचे सहकारी यांच्या बचावाचें काम त्यांनीं चालविलें, आणि फांशी टळून जन्मठेप झाली. पुढें ते स्वतःच पकडले गेले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलांत त्यांचा एक पेटंटचा खटला चालावयाचा होता. त्यासाठीं त्यांना जामिनावर सोडण्यांत आलें. तेथें राहून जा, परत जाऊं नका, असें अनेकांनीं विनविलें. जामिनाचा शब्द दिला आहे म्हणून ते परत आले. मग मात्र भूमिगत झाले, आणि सन १९६५ सालीं त्यांच्याच व्यवसायबंधूंनीं अर्ज करून त्यांची सनद काढवली. सन १९६६ सालीं त्यांस जन्मठेप झाली. १९७५ सालीं कर्करोगानें ते मरण पावले, व त्यांच्या अस्थीहि तुरुंगखात्यानें ठेवून घेतल्या. सन २००३ सालीं कोर्टानें त्यांचें नांव वकिलांच्या यादींत पुन्हां दाखल केलें. मेल्यावर अठ्ठावीस वर्षांनीं सनद परत करणें हाहि एक प्रकारचा पिवळा रंगच म्हणावा काय, असा कुत्सित विचार आमच्या मनांत येऊन गेला. पण तो बरोबर नाहीं, कारण ती परत मिळावी म्हणून तेथें आधीं नवा कायदा करावा लागला होता.

हिंदुस्थानच्या नांवावर या खात्यांत एक मोठी रक्कम जमा आहे, आणि ती अभिमानानें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. सन १९४६ सालीं, स्वराज्य हातीं येण्याच्या आधींच, या देशानें दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार बंद केला. असें करणारें जगांतील हें पहिलें राष्ट्र. आपल्या निर्यातीपैकीं सुमारें साडेपांच टक्के माल त्या काळीं तिकडे जात असे. साडेपांच टक्के पेठ आपण होऊन सोडणें म्हणजे काय, तें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. त्याच सालीं विजयालक्ष्मी पंडित यांनीं हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढें मांडला, व डिसेंबरच्या ८ तारखेस तेथें आपल्या बाजूनें ठराव झाला. पण जमाखर्च लिहावयास बसल्यावर दुसरें पानहि लिहिलें पाहिजे. तें भांडण होतें नाताळ व ट्रान्सवाल येथील हिंदी लोकांच्या जमीन घेण्याच्या हक्काचें. आफ्रिकी मनुष्याचें गाऱ्हाणें तेव्हां आपल्या कैफियतींत नव्हतें. गांधीजी सन १८९३ सालीं तेथें गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षांतील त्यांच्या लिखाणांत आफ्रिकी लोकांविषयीं तुच्छतेचे उद्गार आहेत, हें लपवून चालणार नाहीं. त्यावरूनच घाना देशाच्या विद्यापीठांतला त्यांचा पुतळा सन २०१८ सालीं हलविण्यांत आला. आम्हांस वाईट वाटलें, राग आला नाहीं. ही उणीव भरून काढली ती तेथल्याच हिंदी पुढाऱ्यांनीं. सन १९४७ च्या मार्चमध्यें युसुफ दादू व मॉन्टी नायकर या दोन हिंदी डॉक्टरांनीं आफ्रिकी पुढारी डॉक्टर झूमा यांच्याशीं एकत्र लढण्याचा करार केला, आणि सन १९५२ च्या कायदेभंगांत दोन्ही समाजांचे लोक एकाच तुरुंगाच्या दारांतून आंत गेले. गुजराथी घराण्यांतले अहमद कथराडा मंडेलांच्या बरोबर शिक्षा होऊन सव्वीस वर्षें कैदेंत राहिले. त्या कराराला मोबदला होता.

आतां आपल्या घरांत येऊं. जोतीराव फुले यांनीं सन १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, तें त्यांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं केलेल्या स्वार्थत्यागाबद्दल. त्यांच्या व्याख्यानांबद्दल नव्हे. आणि आपल्या घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनीं अस्पृश्यांस खुला केला तो सन १८६८ सालीं. हौद आधीं, अर्पणपत्रिका मागाहून! उलट, महाडच्या नगरपालिकेनें सन १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला, तो तीन वर्षें दप्तरांत पडून राहिला. १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकर यांनीं ओंजळ भरून तें पाणी घेईपर्यंत त्या ठरावानें एकाचीहि तहान भागविली नव्हती, आणि त्यानंतरहि हायकोर्टाचा निकाल हातीं पडावयास १९३७ साल उजाडलें.

आज आपल्या शहरांत सुदान, नायजेरिया, टांझानिया, इथिओपिया येथील विद्यार्थी शिकावयास येतात. मलिक अंबर हा हबशी होता, त्यानें वसविलेल्या खडकीचें पुढें औरंगाबाद झालें, व त्याच्या नहरीचें पाणी त्या शहरानें पिढ्यान् पिढ्या प्यालें, हें आपण मुलांस शाळेंत शिकवितों. त्याच्या मुलखांतला तरुण भाड्यानें खोली मागावयास आला म्हणजे मात्र काय होतें? गेल्या सालीं एक सद्गृहस्थ आमच्याकडे घर भाड्यानें देण्याचा करार लिहून घेण्यासाठीं आले. दलालानें सगळें टेलिफोनवर ठरविलें होतें. भाडें ठरलें, अनामत ठरली. मसुद्यास जोडण्यासाठीं भाडेकरूच्या कागदांची नक्कल आली, तिच्यावर फोटो होता. गृहस्थांनीं तो पाहिला आणि कागद बाजूस सारला. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां म्हणाले, “वकीलसाहेब, माझें कांहीं नाहीं हो, पण सोसायटींतले लोक काय म्हणतील?” हेच गृहस्थ सन २०२० सालीं काळा चौकोन चढविणाऱ्यांपैकीं होते. आम्ही त्यांस ढोंगी म्हणत नाहीं. त्या वेळीं त्यांस खरेंच वाईट वाटलें असेल. फक्त त्या वेळीं त्यांची खोली कोणी मागितली नव्हती.

त्या विद्यार्थ्यास दाद मागण्यास जागा कोठें? आमच्या घटनेचें पंधरावें कलम दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तळीं व रस्ते यांच्या बाबतींत वंश वा जात यांवरून मज्जाव करण्यास बंदी करतें. पण तें बोलतें नागरिकांविषयीं, आणि तो परदेशी. चौदावें कलम सर्व मनुष्यांस लागू आहे. पण तें सरकारला बांधतें, घरमालकास नाहीं. अरुणाचलचा एक विद्यार्थी सन २०१४ सालीं दिल्लींत मारहाणीनंतर मेला, तेव्हां ईशान्येकडील लोकांच्या तक्रारींसाठीं नेमलेल्या बेझबरुआ समितीनें वंशावरून हिणविणें व मारणें यांस स्वतंत्र कलमें सुचविलीं. सन २०२४ च्या जुलैपासून नवी न्यायसंहिता अमलांत आली. तिच्यांत जमावानें केलेल्या खुनाच्या कलमांत ‘वंश’ हा शब्द आला. समितीचीं कलमें आलीं नाहींत. सन २०१६ सालीं कांगोच्या एका तरुणास दिल्लींत रिक्षावरून झालेल्या तंट्यांत ठेचून मारलें, तेव्हां आफ्रिकी देशांच्या वकिलातींनीं आपल्या सरकारच्या ‘आफ्रिकादिना’च्या समारंभासच न येण्याची तयारी दाखविली होती. समारंभ कोणास हवा आहे, आणि काय हवें आहे, हें त्यांनीं याहून स्पष्ट सांगावयास नको होतें.

कायदा होईल तेव्हां होईल. तो व्हावा म्हणून आम्ही लिहीत राहूंच. घर मात्र आज वाचकांच्या मालकीचें आहे, आणि दलालहि त्यांचाच आहे. परदेशी भाडेकरू ठेवल्यास सरकारी कचेरींत वर्दी द्यावी लागते, कागद भरावे लागतात, तो त्रास नको, असें एक कारण पुष्कळ घरमालक आम्हांस सांगतात. कागद भरावे लागतात हें खरें आहे. आमच्या कचेरींतून ते जर्मन व फ्रेंच विद्यार्थ्यांसाठींहि जातात, आणि त्या वेळीं एकाहि घरमालकास कुरकुर करतांना आम्हीं अद्याप ऐकलें नाहीं.